गावच्या कबड्डीचं एचडी प्रक्षेपण लोकल केबलवर: सरकते पट्टे, पुसट चढाई आणि कापलेला स्कोअर

मातीतला_गडी (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार भाऊ लोकहो. जानेवारीत आमच्या मंडळाची तीन रात्रींची पुरुष कबड्डी आहे, शाळेच्या पटांगणात, मॅटवर. तालुक्याचा केबलवाला त्याच्या लोकल चॅनलवर थेट दाखवायला तयार आहे, सोबत यूट्यूबवरही सोडायचं आहे. ‘एचडी थेट प्रक्षेपण’ असं पत्रिकेवर छापून बसलो, आता ते निस्तरायचं आहे.

सामान असं: एचडीएमआय आऊट असलेले दोन हॅंडीकॅम, एक मिररलेस कॅमेरा, चार इनपुटचा एचडीएमआय स्विचर (कॅमेरे अदलाबदल करायची पेटी), लॅपटॉपवर ओबीएस (थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर). दिवे १५० वॅटचे ८ एलईडी, बांबूवर बांधलेले. मैदानापासून केबलवाल्याची खोली दीड किलोमीटर.

मागच्या खेपेला चार गोष्टी नडल्या. चित्रावर काळपट आडवे पट्टे खालून वर सरकत होते, जनरेटर लागला की जास्तच. चढाईवाला हलला की हातपाय पुसल्यासारखे दिसायचे, उभा राहिला की ठीक. केबलवर काही घरी खेळाडू उभट अन् काटकुळे, तर काही घरी स्कोअरपट्टी दोन्ही बाजूंनी कापलेली. ‘उपांत्य फेरी’चं ‘पांत्य फे’ झालं. आणि यूट्यूब रात्री ९ नंतर अडकायला लागलं, दुपारी टेस्ट केली तेव्हा मस्त चालत होतं.

एक जण म्हणते फोर-के कॅमेरा भाड्यानं आणा, सगळं नीट होते. खरं काय ते सांगजा.

---

उजेडवाला_पुसद

फोर-के डोक्यातून काढा. चारपैकी पहिल्या दोन तक्रारी कॅमेऱ्याच्या नाहीतच, दिव्यांच्या आहेत.

हिशोब बघा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. पंच, बाहेर बसलेले खेळाडू धरून १७ बाय १४, म्हणजे साधारण २४० चौरस मीटर उजळायचे. १५० चे ८ म्हणजे १,२०० वॅट. बरा एलईडी वॅटला १०० ल्युमेन देतो, म्हणजे १,२०,०००. त्यातला निम्मा मैदानाबाहेर, आभाळात नाहीतर लोकांच्या डोळ्यांत जातो. उरले ६०,०००, भागिले २४०, झाले २५० लक्स. तेही जमिनीवर. कॅमेरा जमीन बघत नाही, चेहरा आणि छाती बघतो, अन् उभ्या अंगावर उजेड याहूनही कमी पडतो.

हॅंडीकॅमचा सेन्सर लहान, त्यात झूम केला की लेन्समधून उजेड आणखी कमी येतो. मग ऑटोवरचा कॅमेरा शटर (एका चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंदावर किंवा त्याखाली नेतो आणि गेन चढवतो, म्हणजे चित्र कृत्रिमरीत्या उजळतो. चढाईवाल्याचा हात सेकंदाला ५ मीटरनं फिरला तर १/५० सेकंदात १० सेंटीमीटर सरकतो. १६ मीटर रुंदीची फ्रेम १,९२० पिक्सेलवर बसवली तर हे १२ पिक्सेल झाले. तुमचं ‘पुसल्यासारखं’ म्हणजे हेच. शटर १/१०० केलं की निम्मं होतं, कबड्डीला तेवढं पुरतं. गेनचे दाणे मात्र दुसऱ्याच ठिकाणी नडतात. एन्कोडरला (चित्र दाबून लहान करणाऱ्या यंत्राला) दाणा कोणता अन् खेळाडू कोणता हे कळत नाही. तो सगळा बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) दाण्यांवर उधळतो आणि पकड झाली की नेमके तिथेच चौकोन पडतात.

चार कोपऱ्यांना ८ मीटरचे लोखंडी खांब, तणावे देऊन. प्रत्येकावर २०० वॅटचे ४. एकूण १६ दिवे, ३,२०० वॅट, वरच्याच हिशोबानं साडेसहाशे लक्सच्या पुढे. बांबू नको, वाऱ्यानं बांबू डुलला की अख्ख्या मैदानाचा उजेड डुलतो. मुख्य कॅमेऱ्याच्या समोरच्या दोन खांबांवरचे दिवे जास्त खाली झुकवा, नाहीतर ते थेट लेन्समध्ये येतात आणि चित्रावर दुधाळ साय चढते.

आता पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. १/६० किंवा १/१२५ वर मिळत नाही, म्हणून पट्टे. तीनही कॅमेऱ्यांच्या मेनूत सिस्टीम एनटीएससी किंवा ६० हर्ट्झ आहे का बघा, असेल तर पाल किंवा ५० करा. काही कॅमेरे हे बदलल्यावर कार्ड फॉरमॅट मागतात, म्हणून आधी कार्ड रिकामं करा. मग शटर मॅन्युअलवर १/१००, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, आणि तिन्हीवर एकच. ऑटो व्हाइट बॅलन्समुळे निळ्या मॅटवर एक कॅमेरा पिवळा आणि दुसरा जांभळा होतो.

स्वस्त एलईडीत ड्रायव्हर (वीज सपाट करून देणारा भाग) वेगळा नसतो, सगळं एकाच पाटीवर असतं. तो दिवा जवळजवळ विझून पेटतो. भाड्यानं घेताना दुकानातच तपासा: मोबाइलचा स्लो-मोशन २४० वर ठेवून दिव्याकडे धरा. फडफड दिसली तर ते दिवे लग्नाच्या मांडवाला ठीक, कॅमेऱ्याला नाही. मोबाइल नसेल तर दिव्याखाली काडी जोरात हलवा. एका काडीच्या जागी पाच-सहा तुटक काड्या दिसल्या तर फडफड आहे.

जनरेटरवर पट्टे वाढतात कारण साध्या गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा) जनरेटर रिकामा असताना ५२ हर्ट्झ आणि पूर्ण लोडवर ५० देतो. तुमचा मोठा जनरेटर थोड्याशा लोडवर चालत असणार. सगळे दिवे, साउंड लावून मल्टिमीटरच्या हर्ट्झ खुणेवर ५० जुळवायला सांगा. रिकाम्या मशीनवर जुळवून उपयोग नाही. जनरेटर थ्री फेज असेल तर एकाच खांबावरचे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर वाटा. एक मंद होतो तेव्हा दुसरा तेज असतो, फडफड बरीच बुजते.

आणि कोणी मेटल हॅलाइड देतो म्हणाला तर एवढं लक्षात ठेवा: वीज एकदा डोळा मिचकावून गेली तरी तो दिवा गार होऊन पुन्हा पेटायला १० ते १५ मिनिटं घेतो. तेवढ्यात अर्धा-पाऊण डाव जातो.

---

हेडएंड_अमरावती

तिसरी तक्रार माझ्या गल्लीतली. केबलवाल्याला एकच प्रश्न विचारा: लोकल चॅनलच्या एन्कोडरला इनपुट कुठलं आहे? पिवळी-पांढरी-लाल पिन असेल तर मैदानावर काहीही लावा, पुढे ७२० बाय ५७६ च जाणार. पत्रिकेवरची एचडी त्या पिवळ्या पिनेतच संपते. एचडीएमआय किंवा एसडीआय (लांब वायरीवर एचडी चित्र नेणारी जोडणी) इनपुटचा एच.२६४ एन्कोडर पाहिजे, आणि त्याच्या पुढच्या मल्टिप्लेक्सरमध्ये (सगळे चॅनल एकत्र बांधणाऱ्या यंत्रात) जागा पाहिजे. ६४-क्वॅमच्या (केबलवर डेटा भरायची एक पद्धत) एका ८ मेगाहर्ट्झ वाहिनीत साधारण ३८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मावतात. खेळाच्या एचडीला ८ तरी द्यावे लागतात, तेवढ्यात दोन-दोन एमबीपीएसचे चार एसडी (जुन्या, कमी दर्जाचे) चॅनल बसतात. म्हणून तो नाही म्हणाला तर चिडू नका, त्याला तीन रात्रींसाठी चार चॅनल उठवायचे आहेत.

दुसरं म्हणजे समोरचा बॉक्स. गावात बहुतेक घरी अजून एसडी बॉक्स आहेत, त्यावर एचडी वाहिनी उघडतच नाही. एचडी बॉक्स असलेल्या घरीही बऱ्याचदा तो जुन्या पिवळ्या पिनेनं टीव्हीला जोडलेला असतो. तेव्हा केबलवर दोन वाहिन्या लागतात, एक एचडी, एक एसडी. एकच शक्य असेल तर चांगली एसडी करा आणि एचडी यूट्यूबवर ठेवा. नीट उतरवलेली एसडी ही ओढूनताणून केलेल्या एचडीपेक्षा केव्हाही बरी दिसते.

उभट आणि कापलेलं याचं कारण एकच आहे. तुमचं चित्र १६:९, एसडीची चौकट जुन्या टीव्हीसाठी ४:३. एन्कोडर ते पिळून पाठवतो आणि सोबत ‘हे १६:९ आहे’ अशी खूण जोडतो. खूण चुकीची लागली किंवा बॉक्स ४:३ फुल वर असला की माणसं काटकुळी. बॉक्स पॅन-स्कॅनवर असला की तो कडा छाटतो. प्रत्येकाच्या घरी जाऊन बॉक्स बदलता येत नाही, म्हणून दोन कामं करा. एसडी एन्कोडरमध्ये इनपुट १६:९ आणि आऊटपुट ४:३ लेटरबॉक्स निवडा, वर-खाली काळी पट्टी आली तर येऊ द्या. आणि स्कोअर, वेळ, नावं सगळं चित्राच्या मधल्या १,४४० पिक्सेलमध्ये ठेवा, म्हणजे डावीकडून २४० आणि उजवीकडून २४० सोडून. कोणी कितीही छाटलं तरी ‘उपांत्य’चा ‘उ’ वाचतो.

कागदाचं विसरू नका. असं लोकल चॅनल सरकारच्या भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याची ऑनलाइन नोंदणी एमएसओनं (केबलवाल्याला सिग्नल देणाऱ्या वरच्या मोठ्या कंपनीनं) करायची असते, चॅनलमागे १,००० रुपये, आणि पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ अशी पाटी ठेवायची असते. गल्लीतला केबलवाला परस्पर चॅनल घुसवत असेल तर आधी वरच्या एमएसओशी बोलायला लावा. ऐन फायनलला सिग्नल बंद झाला तर शिव्या मंडळाला बसतात.

---

फील्ड_ऑर्डर

फॉरमॅटचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तीनही कॅमेरे, स्विचर आणि एन्कोडर एकाच फॉरमॅटवर पाहिजेत. (‘पी’ म्हणजे पूर्ण चित्रं, ‘आय’ म्हणजे इंटरलेस, अर्धी-अर्धी चित्रं; शेवटचा आकडा सेकंदाला किती ते.) एक १०८०पी-२५, एक १०८०आय-५०, मिररलेस १०८०पी-६० अशी खिचडी झाली की स्विचर प्रत्येक इनपुट आपल्या मनानं बदलतो. चित्र झटके खातं आणि दोन-तीन फ्रेम उशिरा येतं.

केबलच्या एचडीला आपल्याकडे १०८०आय-५० चालतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दूरदर्शननं एचडी दाखवलं, तेव्हापासून आपल्या एचडी टीव्हीची हीच वहिवाट. यात पूर्ण चित्र सेकंदाला २५, पण अर्धी-अर्धी चित्रं ५०, म्हणून हालचाल गुळगुळीत दिसते. अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागला तर खेळाडू दोन पावलं पुढे अन् एक मागे असा थरथरतो. उभं चित्र मात्र चोख दिसतं, म्हणून चूक लवकर सापडत नाही. एचडीत वरची ओळ आधी, म्हणजे अप्पर फील्ड फर्स्ट. तपासायला कोणाला तरी कॅमेऱ्यासमोरून आडवं पळवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला, ट्यूबवाल्या जुन्या टीव्हीवर बघा. लॅपटॉपवर बघून हे कळत नाही.

मराठी अक्षरांची एक खास अडचण आहे, इंग्रजी स्कोअरपट्टीवाल्यांना ती माहीत नसते. शिरोरेखा. इंटरलेस चित्रात एका ओळीची आडवी रेष फक्त एकाच अर्ध्या चित्रात येते, म्हणून ती सेकंदाला २५ वेळा दिसते आणि लपते. नावांच्या डोक्यावरची रेष लुकलुकत राहते, डोळे दुखतात. १०८० च्या चित्रात शिरोरेखा किमान ४ पिक्सेल जाड ठेवा, एसडीत उतरल्यावर ती २ उरते. ठळक फॉन्ट घ्या, अक्षराची उंची ४४-४८ पिक्सेलखाली नको. आणि फॉन्ट युनिकोड पाहिजे: मंगल, नोटो देवनागरी असे. पत्रिका छापणाऱ्याकडून आलेला मजकूर जुन्या टायपिंग फॉन्टमधला असतो. तो ओबीएसमध्ये चिकटवला की ‘अंतिम सामना’ऐवजी कंस, डॉलर आणि टिंबं उमटतात. संघांची नावं आदल्या दिवशी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून ठेवा.

---

मातीतला_गडी

लय उपकार. केबलवाल्याले विचारलं, पिवळी पिनच निघाली! पण त्याच्याकडे एक एचडीएमआय एन्कोडर पडून आहे म्हणे, एमएसओशी बोलतो म्हणाला. आता मैदान ते खोली दीड किलोमीटर चित्र कसं न्यायचं? अन् यूट्यूबले पण १०८०आयच ठेवू काय?

---

फील्ड_ऑर्डर

यूट्यूबला इंटरलेस कधीच पाठवू नका. मोबाइलवर ओळी दातेरी दिसतात, कंगव्यासारख्या. तिथे ७२०पी-५०. लोक १०८०पी-२५ च्या मागे लागतात कारण आकडा मोठा. पण १,२८० गुणिले ७२० गुणिले ५० म्हणजे सेकंदाला ४.६ कोटी पिक्सेल, आणि १,९२० गुणिले १,०८० गुणिले २५ म्हणजे ५.२ कोटी. ओझं जवळजवळ सारखंच, पण पहिल्यात हालचाल दुप्पट. भाषणाला १०८०पी-२५ घ्या, कबड्डीला ७२०पी-५०.

---

हेडएंड_अमरावती

एवढं सरसकट नको. स्विचर १०८०पी-५० वर चालत असेल तर सगळं त्यावरच ठेवा. केबलला १०८०आय-५० आणि यूट्यूबला ७२०पी-५० दोन्ही त्यातून स्वच्छ निघतात. ७२० पासून १०८०आय बनवलं तर केबलचं चित्र मऊ पडतं. स्विचर जुना असेल आणि पी-५० घेत नसेल, तर मात्र वरचं बरोबर.

दीड किलोमीटरसाठी केबलवाल्यालाच ड्रॉप फायबर ओढायला सांगा, त्याच्याकडे रीळ असतंच. दोन कोर, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर जोडणारी डबी), १३१० नॅनोमीटरचा सिंगल मोड. एवढ्या अंतराला फायबरमध्ये अर्धा डेसिबल जातो, जोडांचा वेगळा. बाद होण्याइतकं काही नाही. मैदानावर छोटा एचडीएमआय एन्कोडर, १०-१२ एमबीपीएस, एसआरटीनं (नेटवर्कवरून थेट चित्र पाठवायची पद्धत) पलीकडे, तिकडे ते उलगडणारा डिकोडर. पलीकडचा एन्कोडर ते पुन्हा दाबणार आहे, म्हणून इथे बिटरेट सढळ ठेवा. फायबर रस्त्यावर आडवं टाकू नका, खांबावरून १५ फुटांवर न्या. उसाची ट्रॉली, कापसाची गाडी काही ना काही जातंच, आणि तुटायची वेळ नेमकी सामना रंगल्यावर येते.

---

दोन_सिम_वणी

चौथी तक्रार. दुपारी टॉवर रिकामा असतो. रात्री ९ ला दोन हजार माणूस मैदानावर, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आणि अर्ध्यांचं लाइव्ह चालू. सगळे एकाच टॉवरवर. तुमची टेस्ट खोटी नव्हती, वेळ चुकली होती.

फायबर खोलीपर्यंत जाणारच आहे तर यूट्यूब तिथूनच सोडा. केबलवाल्याकडे ब्रॉडबँड असतं, मैदानावरच्या मोबाइलची कटकटच संपली. ते नसेलच तर: वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिमं, बाहेरची अँटेना लावता येणारे राऊटर, ते गर्दीपासून दूर शाळेच्या गच्चीवर, तिथून लॅन वायर खाली. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी अपलोड मोजा आणि जे येईल त्याच्या निम्म्यावर बिटरेट लावा. ८ आलं तर ४. ७२०पी-५० ला ४ ते ५ एमबीपीएस पुरतात, दिवे वर सांगितल्याप्रमाणे असतील तर. बिटरेट स्थिर, की-फ्रेम (अख्खं पाठवलेलं चित्र) २ सेकंदांवर.

एसआरटीनं पाठवत असाल तर लेटन्सी (मुद्दाम राखलेला उशीर) मुळात १२० मिलिसेकंद असते, ती तशीच ठेवू नका. नियम साधा आहे: जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या चौपट तरी. मोबाइलवर ती वेळ गचके खात असते, सरळ २,००० टाका. दोन सेकंद उशीर झाला तर घरी बसलेल्याला काय कळतंय?

आणि डीजेवाल्याला सांगा, मधल्या वेळेत सिनेमाची गाणी नको. यूट्यूब आवाज बंद करतं किंवा प्रक्षेपणच अडवतं. हलगी-ताशा वाजवा, तो कोणाच्या मालकीचा नाही.

---

वायरमन_काटोल

वीज आणि वायर, थोडक्यात.

एचडीएमआय वायर १० मीटरच्या पुढे भरवशाची नाही. मचाणावरच्या कॅमेऱ्याला एचडीएमआय ते एसडीआय डबी, ७५ ओमची चांगली आरजी-६, बीएनसी टोकं, आणि खाली पुन्हा एसडीआय ते एचडीएमआय. १०८०आय ला ७०-८० मीटर आरामात, १०८०पी-५० चा सिग्नल दुप्पट वेगाचा असतो, तिथे ५० मीटरवर थांबा. सीसीटीव्हीची पातळ थ्री-प्लस-वन वायर हाताशी असते म्हणून लावू नका. आणि एसडीआयला मुंग्या येऊन हळूहळू खराब होणं माहीत नाही. शेवटच्या काही मीटरपर्यंत चित्र चकाचक, मग ठिणग्या, मग एकदम काळं. म्हणजे आज चाललं तरी काठावर आहे की नाही ते दिसत नाही. तपासायचं तर १०-१५ मीटरचा जादा तुकडा जोडून बघा, तरी चाललं तर निर्धास्त.

कॅमेरे, स्विचर, लॅपटॉप, एन्कोडर एकाच बोर्डावर, त्यामागे १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस. मचाणावरच्या कॅमेऱ्याचा चार्जरही त्याच बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढून. तो जवळच्या डीजेच्या बोर्डात खुपसला की दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक वायरच्या जाळीतून धावतो: आवाजात घूं, चित्रात आडव्या लाटा, आणि जोरात असेल तर एचडीएमआयचं पोर्टच जळतं.

महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, आकडा टाकून स्पर्धा करू नका. गावाला थ्री फेज कधी येतं तेही विचारून घ्या. रात्रीची पाळी असेल तर पंप सुरू झाले की सिंगल फेजवर १८० व्होल्ट उरतात, अशा वेळी दिवे जनरेटरवरच बरे.

आवाज मिक्सरच्या ऑक्स आऊटमधून (जादा आऊटपुटमधून) घ्या, कर्ण्यासमोर माइक धरून नाही. एक माइक मॅटच्या कडेला जमिनीलगत, ‘कबड्डी कबड्डी’चा दम त्याशिवाय येत नाही. ओबीएसमध्ये आवाज ८० ते १२० मिलिसेकंद मागे ढकला, कारण स्विचर चित्र दोन-तीन फ्रेम उशिरा देतो आणि २५ च्या हिशोबानं एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. पी-५० असेल तर निम्मं. पंचाची शिट्टी आणि त्याचे गाल बघून जुळवा.

---

मातीतला_गडी

शेवटचं विचारतो. तीन कॅमेरे कुठं ठेवू? अन् रिप्ले जमन काय? बोनसवरून दरवर्षी भांडण होते.

---

फील्ड_ऑर्डर

मुख्य हॅंडीकॅम मध्यरेषेच्या सरळ रेषेत, कडेपासून १२ ते १५ मीटर मागे, मचाण ३ ते साडेतीन मीटर. यापेक्षा खाली नको, पहिली रांग उभी राहिली की डोकीच दिसतात. मचाणावर कॅमेरामनशिवाय कोणी नाही, पुढारीसुद्धा नाही. दोन पायांची चाळवाचाळव झूममध्ये भूकंपासारखी दिसते.

दुसरा हॅंडीकॅम अंतिम रेषेच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर. साखळी, घोट्याची पकड, चेहरे तिथून.

बोनससाठी कॅमेरा रेषेकडे बघून चालत नाही, रेषेच्या लांबीतून बघावा लागतो. पुरुषांची निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस तिच्या पुढे १ मीटर, म्हणजे ४.७५. कडेच्या बाहेर बरोबर ४.७५ वर खुंटी ठोका, तिथे मिररलेस तिपाईवर, रेष फ्रेमच्या मधोमध उभी दिसेल अशी, आणि मग त्याला हात लावू नका. एका बाजूलाच होईल, दुसऱ्या अंगणाला नाही. मध्यंतराला बाजू बदलतात म्हणून दोन्ही संघांना सारखाच न्याय. मिररलेसवर रेकॉर्डिंग बंद ठेवा, नुसता एचडीएमआय आऊट, स्क्रीनवरची माहिती बंद, आपोआप झोपणं बंद, बॅटरीच्या जागी वायरवर चालणारी डमी बॅटरी. दोन तास रेकॉर्डिंग लावलं तर तो तापून बंद पडतो.

रिप्लेसाठी ओबीएसचं रिप्ले बफर (शेवटचे काही सेकंद साठवून ठेवणारी सोय) ८ सेकंदांवर. पण एक चढाई संपली की दुसरी ५ सेकंदांत सुरू होते, त्यात रिप्ले घातला तर पुढची चढाई बुडते. लोण, टाइम आऊट, नाहीतर पंच बोलत उभे असतील तेव्हाच. तोही ५-६ सेकंदांचा. स्लो-मोशनच्या नादात शटर १/२०० वर नेऊ नका, उजेड निम्मा होतो आणि फडफड परत येते.

आणि पंचांशी आधीच ठरवा की हा कॅमेरा त्यांच्यासाठी आहे की नुसता प्रेक्षकांसाठी. नाहीतर दर बोनसला दोन्ही संघ तुमच्या लॅपटॉपभोवती.

---

उजेडवाला_पुसद

जानेवारी म्हणालात म्हणून एक राहिलं. अकरानंतर दहिवर पडते आणि मचाणावरच्या लेन्सवर आतून नाही, बाहेरून धुकं धरतं. चित्र हळूहळू मऊ होत जातं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, सगळे फोकसलाच दोष देतात. लेन्सला पुठ्ठ्याचं लांब हूड, डोक्यावर ताडपत्रीचा तुकडा. धुकं धरलंच तर मायक्रोफायबरनं टिपायचं, गमछानं पुसायचं नाही, त्यावर मैदानाची धूळ असते. मॅटवरही तेच दहिवर येतं. दर सामन्याआधी कोरड्या कापडानं मॅट पुसायला दोन पोरं ठेवा. ओली मॅट दिव्यांत चकाकते आणि मुख्य कॅमेऱ्यातून पांढरा डाग दिसतो, खेळाडू घसरतो ते वेगळंच.

---

मातीतला_गडी

खुंटी उद्याच ठोकतो. बांबू रद्द, पाईपवाल्याले फोन केला. एन्कोडरचं एमएसओकडून उत्तर आलं की इथंच टाकतो.